आधी कोणाकडे जायचं हे आजाराच्या नावावरून ठरवू नका

नर्सिंगच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. चार पेशंट दिलेले असतात, सिस्टर एकच, सांगा आधी कोणाकडे जाल. समजा पहिल्याचं काल ऑपरेशन झालंय, टाके दुखतायत म्हणून पेनकिलर मागतोय. दुसऱ्या एक आजी, न्यूमोनिया, ऑक्सिजन चालू आहे, सॅच्युरेशन कालपासून ९३ वर टिकून आहे. तिसरा स्किझोफ्रेनियाचा, चार दिवसांपूर्वी नवीन औषध सुरू झालंय, सकाळपासून बोलत नाहीये, अंग ताठ, घामाने कपडे ओले आणि हात लावला तर चटका बसावा इतका ताप. चौथी डिप्रेशनची मुलगी, आठवडाभर कोणाशी धड बोलली नव्हती, आज एकदम शांत आणि हसरी आहे आणि स्वतःच्या वस्तू शेजारच्या बेडवरच्या बाईला देऊन टाकतेय.

बरेच जण आजींकडे धावतात. कारण डोक्यात क्रम पक्का बसवलेला असतो, श्वास आधी, मग रक्ताभिसरण, मग बाकी शरीर, आणि मनाचं सगळ्यात शेवटी, आणि वर मॅस्लोचा १९४३ चा गरजांचा क्रम शिकवताना पण तेच ठसवलं जातं की आधी शरीर मग बाकी सगळं. माझं उत्तर वेगळं आहे. मी आधी तिसऱ्याकडे जाईन, आणि त्याच मिनिटाला कोणालातरी चौथीजवळ बसवेन, तिला एकटं सोडायचं नाही. आजींचा आजार ऐकायला मोठा वाटतो पण त्या कालपासून आहेत तशाच आहेत. तिसऱ्याला जे दिसतंय ते सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराच्या, औषधांनी क्वचित होणारं न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतं, ताप चढतो, स्नायू लाकडासारखे होतात, बीपी आणि पल्स वरखाली होतात, माणूस गुंगीत जातो, आणि ते औषध वेळेत थांबवलं नाही तर जीव जाऊ शकतो. चौथीचा अचानक आलेला आनंद ही सुधारणा असेलही, पण जीव द्यायचं ठरवून टाकल्यावर येणारी शांतता पण अशीच दिसते.

म्हणजे श्वास आधी हा नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, तो सोन्यासारखा नियम आहे. गडबड कुठे होते तर हा नियम लावताना आपण काही पेशंटना शरीर आहे हेच विसरतो. फाईलवर सायकियाट्रीचं निदान असलं की तो माणूस आपोआप "मनाच्या" खान्यात जातो आणि त्याचा ताप, त्याचा घाम, त्याचं छातीत दुखणं सगळं त्याच खान्यात ढकललं जातं. आणि उलट बाजूने, मेडिकल वॉर्डात ॲडमिट असलेल्या माणसाचं मन आपल्या हिशोबातच नसतं. मी दोन्हीकडे ड्यूटी केलेली आहे आणि मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की कोणाकडे आधी जायचं, कोणाला बेडला बांधायचं, कोणासाठी रात्री डॉक्टरला उठवायचं हे निर्णय निदानाच्या नावावर घेणं बंद झालं पाहिजे, ते दोन गोष्टींवर घ्यायला हवेत, कालच्यापेक्षा आज काय बदललंय आणि हा बदल किती वेळात जीव घेऊ शकतो. आणि हे एकट्या सिस्टरच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही, त्यासाठी तिला वेळ, सामान आणि अधिकार द्यावा लागेल, तो हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी आणि सरकारांनी द्यायचा आहे.

शरीराचं लक्षण मनाच्या खात्यात टाकण्याने काय होतं याचं एक उदाहरण जगाने कॅमेऱ्यावर पाहिलंय. जून २००८, न्यूयॉर्कमधलं किंग्स काउंटी हॉस्पिटल, सायकियाट्रीची इमर्जन्सी. ४९ वर्षांची एक बाई जवळजवळ २४ तास वेटिंग रूममध्ये बेड मिळायची वाट बघत बसलेली होती, मग ती खुर्चीवरून खाली कोसळली आणि साधारण तासभर तशीच जमिनीवर पडून राहिली. येणारे जाणारे बघत होते, स्टाफमधले लोक डोकावून गेले, कोणी नाडी बघितली नाही. ती गेली. नंतर कळलं की पायाच्या शिरांमध्ये झालेल्या रक्ताच्या गाठी फुप्फुसात गेल्या होत्या, खूप वेळ हालचाल नसल्याने होतात तशा. आणि रेकॉर्डमध्ये, जेव्हा ती जमिनीवर पडलेली होती त्या वेळेला ती शांत बसली आहे अशा नोंदी सापडल्या. विचार करा, हीच बाई मेडिसिनच्या इमर्जन्सीत कोसळली असती तर? दहा सेकंदात चार जण धावले असते. बाई तीच, आजार तोच, फक्त खोलीच्या दारावरची पाटी वेगळी.

असं वागणारे सगळे निर्दयी असतात असं मला वाटत नाही. सवय अशी लागते की सायकियाट्री वॉर्डात कोणीतरी जमिनीवर झोपलेलं असतं, कोणीतरी ओरडत असतं, कोणी रोज छातीत दुखतंय म्हणतं, आणि हळूहळू डोळे ते बघायचे बंद होतात. म्हणून तर चांगल्या वाईट मनाच्या गप्पा मारण्यापेक्षा नियम हवा. माझा नियम साधा आहे. मानसिक आजार असलेल्या माणसात कोणतंही नवीन लक्षण दिसलं की ते आधी शारीरिक धरायचं, तपासायचं, आणि तपासून काही निघालं नाही तरच मनाचं म्हणायचं. उलट क्रमाने नाही. तपासायला काय लागतं हो? बीपी, पल्स, टेम्परेचर, सॅच्युरेशन, एक मिनिट पूर्ण श्वास मोजणं, बोटाला टोचून शुगर. पाच-सात मिनिटांचं काम आहे. शुगर ७० च्या खाली गेली की माणूस चिडतो, घाम येतो, असंबद्ध बोलतो, मारायला पण धावतो, आणि त्याला शांत करायचं इंजेक्शन दिलं तर तो शांत होईल खरा, पण शुगर खालीच जात राहील. ऑक्सिजन कमी पडलेला माणूस अस्वस्थ होतो, मास्क ओढून काढतो, उठून पळायला बघतो. लघवी तुंबलेला म्हातारा माणूस, ज्याला सांगता येत नाही, तो रात्रभर ओरडतो. या तिघांना सुद्धा हँडओव्हरमध्ये "ॲजिटेटेड" एवढाच एक शब्द मिळतो आणि पुढच्या शिफ्टला तोच शब्द पुढे जातो.

डिलिरियमबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. डिलिरियम म्हणजे शरीरातल्या कुठल्यातरी बिघाडामुळे मेंदू अचानक गडबडणं, इन्फेक्शन असेल, सोडियम कमी झालं असेल, औषधाचा परिणाम असेल, ऑपरेशननंतर असेल. ते काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतं, सकाळी ओळखतात, संध्याकाळी भिंतीवर किडे दिसतात. लक्ष एका जागी टिकत नाही. १९९० मध्ये कन्फ्यूजन असेसमेंट मेथड नावाची तपासायची पद्धत आली, ती याच गोष्टींवर उभी आहे, अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, आणि त्यासोबत विस्कळीत विचार किंवा बदललेली शुद्ध, यातलं काहीतरी. सिस्टरला बेडशेजारी उभं राहून हे करता येतं, महिन्यांची नावं उलट क्रमाने म्हणा म्हटलं तरी बरंच कळतं. आणि यातला जो आरडाओरडा करतो तो निदान लक्षात तरी येतो. जो पेशंट गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली की डोळे उघडून परत मिटतो, त्याला आपण "शांत आहे, त्रास देत नाही" म्हणतो किंवा डिप्रेशन आलंय म्हणून सायकियाट्रीचा रेफरन्स टाकतो, आणि ते पण डिलिरियमच असतं, गप्प प्रकारचं, आणि तेच सगळ्यात जास्त निसटतं. साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वेड्यासारखं व्हायला लागलं आणि मागे कधी काहीच नव्हतं, तर सायकियाट्रीच्या डॉक्टरांना बोलावण्याआधी रक्त-लघवी तपासा आणि औषधांची यादी बघा, हे किती वेळा सांगायचं.

इथे घरच्यांचं ऐकणं फार महत्त्वाचं आहे. "हा असा नाहीये हो, हे काहीतरी वेगळं आहे" हे वाक्य नातेवाईक म्हणतात तेव्हा ते कुठल्याही मशीनपेक्षा जास्त सांगतात, कारण तो माणूस एरवी कसा असतो हे आपल्याला माहीतच नसतं, त्यांना माहीत असतं. वीस वर्षं स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची आई जेव्हा म्हणते की याचे आवाज ऐकू येणं वेगळं आणि आजचं वेगळं, तेव्हा तिला गप्प बसवू नये.

मग औषधं. मानसिक आजारांची औषधं लाखो लोकांना जगण्यासारखं आयुष्य देतात, त्यामुळे हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. पण ही औषधं देणाऱ्या हाताला शरीर वाचता आलं पाहिजे. उदाहरणार्थ लिथियम, बायपोलर म्हणजे मूड टोकाचा वरखाली होण्याच्या आजारावरचं औषध. उपयोगी पडणारी पातळी आणि विषारी पातळी यात अंतर फारच थोडं, रक्तातली पातळी ढोबळमानाने लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर गेली की धोका सुरू. जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी प्यालं, अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं, बीपीसाठी थायझाइड गटातली गोळी सुरू झाली, की पातळी चढते. मग हात जास्त थरथरतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते. आता वॉर्डात लिथियमवरचा पेशंट अडखळत बोलतोय आणि झोकांड्या खातोय तर त्याला "आज मूड वेगळा आहे" म्हणून सोडायचं की पुढचा डोस थांबवून डॉक्टरला फोन करायचा? हा निर्णय सिस्टरचा असतो, त्या क्षणी तिथे दुसरं कोणी नसतं.

क्लोझापिनचं तसंच, स्किझोफ्रेनियात बाकी औषधं चालत नाहीत तेव्हा देतात ते. या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात हे सगळ्यांना माहीत असतं, १९७५ मध्ये फिनलंडमधल्या मृत्यूंनंतर ते बऱ्याच ठिकाणी बंदच केलं होतं, नंतर रक्ततपासणीच्या अटीवर परत आलं. त्यामुळे रक्त नेमाने तपासलं जातं. पण त्याच औषधाने आतडी इतकी मंदावतात की बद्धकोष्ठातून आतडं अडून माणसं गेलेली आहेत, आणि "संडास झाली का" हा प्रश्न विचारायला लाज वाटते किंवा वेळ नसतो. पोट फुगलंय, दोन-तीन दिवस झालेलं नाही, उलटी झाली, ही क्लोझापिनच्या पेशंटमध्ये तातडीची गोष्ट आहे, उद्याच्या राऊंडला सांगू अशी नाही. आणि पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि धडधड आली तर हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल का हे बघावं लागतं, भीतीने धडधडतंय असं धरून नाही चालत.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, हे जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. लोकांना वाटतं आत्महत्येमुळे. आत्महत्या त्यात आहेतच, पण बहुतेक मृत्यू शारीरिक आजारांनी होतात, हृदयविकार, डायबेटिस, फुप्फुसांचे आजार, जे बाकीच्यांमध्ये आपण पकडतो आणि यांच्यात पकडत नाही. माझ्या मते हा नुसता आरोग्याचा आकडा नाही, हा भेदभावाचा आकडा आहे.

आता दुसरी बाजू, जी सायकियाट्रीवाले नेहमी मांडतात आणि बरोबर मांडतात. मेडिकल वॉर्डात जीव वाचवायची घाई असते आणि ज्या कारणाने जीव धोक्यात आला ते कारण तिथेच बेडवर पडलेलं असतं, त्याच्याशी कोणी बोलत नाही. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात घेऊन आलेली मुलगी बघा. पहिल्या दिवशी ती जवळजवळ ठणठणीत दिसते, थोडी मळमळ एवढंच. लिव्हरचं नुकसान तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिखराला जातं, आणि त्यावरचं औषध पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. म्हणून "बरी दिसतेय, नाटक होतं, घरी सोडा" असं म्हणणं शरीराच्या हिशोबाने पण चूक आणि मनाच्या हिशोबाने पण चूक. ड्रिप लावली, औषध सुरू केलं, आणि खिडकीजवळचा बेड दिला, वर रात्री एकटीच! तिला सरळ विचारायचं असतं, अजून मरावंसं वाटतंय का, काही ठरवलंय का. असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही भीती खरी नाही, याचा अभ्यास झालेला आहे आणि विचारल्याने धोका वाढत नाही असंच दिसलंय, उलट पुष्कळ जणांना हायसं वाटतं की कोणीतरी विचारलं. हे विचारणं पण व्हायटल्स, म्हणजे बीपी-पल्स-ताप वगैरे, घेण्याइतकंच ड्यूटीचा भाग आहे आणि त्याचं उत्तर चार्टवर लिहिलं गेलं पाहिजे.

आणि दारूचा पेशंट, ज्याच्या वाट्याला तर कोणाचीच माया येत नाही. पाय मोडला म्हणून ॲडमिट झाला, दारू बंद झाली, दुसऱ्या दिवशी फिट आली, तिसऱ्या दिवशी थरथरतोय, घामाघूम, अंगावर साप चढतायत म्हणतोय, उठून पळतोय. दारू सुटल्यावर फिट साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत येतात आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू सुटल्याने होणारं थरथर आणि भासांचं डिलिरियम, ४८ ते ९६ तासांच्या आसपास, हे वेळापत्रक माहीत असेल तर ॲडमिशनच्या वेळीच रोज किती पिता, शेवटची कधी घेतली हे न लाजता, न हिणवता विचारून डॉक्टरला सांगता येतं आणि हे सगळं टाळता येतं. थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, देणं राहून गेलं तर मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो, आणि ते देणं किती सोपं आहे! पण होतं काय, "बेवडा आहे, गोंधळ घालतोय, बांधा" आणि सायकियाट्रीला कॉल. हा माणूस सायकियाट्रीचा की मेडिसिनचा यावर दोन विभागांचा वाद चालू असतो आणि तो माणूस मधल्यामध्ये बेडला बांधलेला.

बांधून ठेवण्याबद्दल मला ठामपणे बोलायचंय. बांधणं ही ट्रीटमेंट नाही. कधीकधी दुसरा काहीच मार्ग नसतो, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला खरोखर इजा करणार असतो, तेव्हा थोड्या वेळासाठी करावं लागतं हे मी मान्य करतो, जे लोक कधीच करू नका म्हणतात त्यांनी रात्रीच्या ड्यूटीला एकटं उभं राहून बघावं. पण बहुतेक वेळा बांधण्याचं खरं कारण स्टाफ कमी असणं हे असतं, आणि ते कारण फॉर्मवर कोणी लिहीत नाही. बांधलेल्या माणसाला धोके खरे आहेत, पालथं पाडून पाठीवर वजन टाकून धरलं तर श्वास कोंडून मृत्यू होतात, तासन् तास हालचाल नसेल तर त्याच रक्ताच्या गाठी, हातापायाचं रक्त अडणं, जखमा. म्हणून बांधण्याआधी दुखतंय का, लघवी तुंबलीय का, शुगर, ऑक्सिजन, हे बघितलं का याचं उत्तर लिहिल्याशिवाय बांधायची परवानगीच नसावी. शांत व्हायचं इंजेक्शन दिल्यावर सुद्धा खरं काम तिथून सुरू होतं, पहिला तासभर तरी दर पंधरा मिनिटांनी श्वास, बीपी, सॅच्युरेशन, हाकेला ओ देतोय का. इंजेक्शन दिलं, वॉर्ड शांत झाला, सगळे जेवायला गेले, ही सगळ्यात धोक्याची वेळ असते.

आणि "नाही" म्हणण्याचा हक्क? मानसिक आजार असलेल्या माणसाने अँटिबायोटिक नको म्हटलं तर लगेच "त्याला कळत नाही" म्हणून जबरदस्ती होते, आणि तेच वाक्य डायबेटिसच्या पेशंटने म्हटलं तर त्याला समजावत बसतो. निर्णय घ्यायची क्षमता ही आजारावरून ठरत नाही, त्या एका निर्णयाबद्दल त्याला माहिती समजतेय का, लक्षात राहतेय का, तिचा विचार करून तो काही ठरवतोय का आणि ते सांगू शकतोय का यावरून ठरते. आवाज ऐकू येणारा माणूस पायाच्या ऑपरेशनबद्दल पूर्ण समजून नाही म्हणू शकतो. आणि डिलिरियममधला इंजिनिअर, ज्याला कधीच कुठलाही मानसिक आजार नव्हता, त्याला त्या दिवशी काहीच समजत नसू शकतं.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात ते. एक, सिस्टरने डॉक्टर बनू नये, प्रत्येक घामाला फोन केला तर डॉक्टर काम कधी करणार. याला उत्तर आधीच तयार आहे. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये न्यूज नावाचा स्कोअर आणला, श्वास, सॅच्युरेशन, टेम्परेचर, बीपी, पल्स, शुद्ध यांना गुण देऊन पेशंट बिघडतोय का हे ठरवणारा. २०१७ मध्ये तो सुधारला तेव्हा त्यात नव्याने आलेला गोंधळलेपणा, म्हणजे काल नीट बोलत होता आणि आज असंबद्ध बोलतोय, याला सरळ ३ गुण दिले, आणि एकाच गोष्टीला ३ गुण असले तर डॉक्टरने तातडीने बघायचं. म्हणजे बदललेलं वागणं हे शरीराचं धोक्याचं चिन्ह आहे हे लिखित स्वरूपात आलेलं आहे, ते माझं मत नाही. प्रश्न एवढाच की हा किंवा असा स्कोअर सायकियाट्रीच्या वॉर्डात पण तितक्याच कडकपणे का भरला जात नाही. तिथे चार्टवर श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचेच १८ लिहिलेले असतील तर कोणीही मोजलेले नाहीत हे कळतंच की.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. काही पेशंट खरंच दिवसातून दहा वेळा तक्रार करतात आणि दहाही वेळा काही निघत नाही. हो, असतात, आणि त्यांच्यामुळे दमायला होतं, राग पण येतो. पण दहा वेळा काही निघालं नाही यावरून अकराव्या वेळेबद्दल काहीच कळत नाही. अशा पेशंटसाठी ठरलेल्या वेळी जाऊन बसणं, त्याने बोलवायच्या आधी जाणं, याने तक्रारी कमी होतात असा माझा अनुभव आहे, आणि वेगळी तक्रार आली तर वेगळी आहे हे लगेच कळतं.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूने आहे. एका सिस्टरकडे जितके जास्त पेशंट तितके मृत्यू जास्त, हे २००२ मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांच्या अभ्यासात दाखवलं, ऑपरेशनच्या पेशंटमध्ये प्रत्येक सिस्टरमागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून प्रमाण सक्तीचं झालं, सायकियाट्रीत एका नर्समागे जास्तीत जास्त ६ पेशंट. म्हणजे करता येतं. पण नुसते बेड मोजून पण भागत नाही, कारण आत्महत्येचा धोका असलेल्या एका पेशंटवर सतत नजर ठेवायची म्हणजे एक माणूस त्या शिफ्टपुरता पूर्ण गेला, आणि कागदावर मात्र प्रमाण बरोबर दिसतं. सहा पेशंट असणं आणि तीस असणं यात सिस्टरचा स्वभाव बदलत नाही, तिने कोणाला बघायचं सोडून द्यायचं ते बदलतं. तो निर्णय बजेट करताना आधीच कोणीतरी घेतलेला असतो, फक्त सही तिची असते.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती म्हणजे "मेडिकली क्लिअर" (म्हणजे शरीराचं काही नाही) असं लिहून पेशंट सायकियाट्रीकडे पाठवणं. इमर्जन्सीत दोन मिनिटं बघितलं, बीपी घेतलं, आधीची फाईल दिसली, शिक्का मारला. त्या शिक्क्यात काय तपासलं, काय नाही तपासलं, कशावर लक्ष ठेवायचं यातलं काहीच नसतं, आणि पलीकडची सिस्टर त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून शरीराकडे बघणं थांबवते, तिला वाटतं ते काम झालेलं आहे. तिच्या वॉर्डात कदाचित ऑक्सिजनची सोय नसते, ईसीजी मशीन दुसऱ्या मजल्यावर असतं, आणि रात्री मेडिसिनच्या डॉक्टरला बोलवायचं तर "तो तुमचा पेशंट आहे" हे उत्तर मिळतं. हा शिक्का बंद करा. त्याऐवजी एका पानावर लिहा, एवढ्या वाजता एवढं तपासलं, हे आलं, हे राहिलंय, पुढचे २४ तास या या गोष्टी बघा, आणि बिघडला तर या नंबरवर फोन करा, आम्ही येऊ. आणि उलट दिशेने पण तसंच, सायकियाट्रीने मेडिकल वॉर्डात "रिस्क कमी" लिहून जाऊ नये, कशामुळे कमी, कशाने वाढेल, रात्री काय करायचं हे तिथल्या सिस्टरला समजेल असं लिहावं.

सायकियाट्रीच्या प्रत्येक वॉर्डात ऑक्सिजन, सक्शन, शुगरचं मशीन, ईसीजी आणि ते वापरता येणारं माणूस, चोवीस तास. मेडिकल वॉर्डांसाठी मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग झालेली एक सिस्टर, नुसती रेफरन्सला उत्तर देणारी नाही, बेडपाशी येऊन बसणारी. ट्रेनिंगमध्ये सायकियाट्रीची पोस्टिंग म्हणजे आरामाची पोस्टिंग असं जे मानलं जातं ते बंद व्हायला हवं, तिथे शिकलेलं ऐकण्याचं काम पुढे प्रत्येक वॉर्डात लागतं.

आणि अधिकार. रात्री तीन वाजता सिस्टरने फोन केला, पेशंट बिघडतोय म्हणाली, ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणाला सायक पेशंट आहे, सकाळी बघू. तर पुढे कोणाला फोन करायचा हे भिंतीवर नावानिशी लिहिलेलं असावं, आणि तो फोन केल्याबद्दल दुसऱ्या दिवशी तिला इनचार्जच्या खोलीत उभं केलं जाऊ नये, पेशंटला काहीही निघालं नाही तरी. ज्या हॉस्पिटलांमध्ये हे आहे तिथे ते लेखी आहे, त्यामुळे नवीन लागलेली मुलगी पण फोन उचलते. ज्या ठिकाणी नाही तिथे नर्सेसच्या संघटनांनी पगारवाढीच्या मागणीच्या शेजारी ही मागणी लिहावी, आणि ज्यांच्या घरात मानसिक आजार असलेलं माणूस आहे त्यांनी ॲडमिट करताना हा प्रश्न विचारावा, की रात्री याला ताप आला, छातीत दुखलं तर इथे कोण बघणार, किती वेळात.